विश्लेषण : ‘शॉर्टसर्किट’ झाले, मग ब्रेकर काय करत होता? अपार्टमेंटमधील फॉल्ट करंटचे गणित

इमारतीला आग लागली की पहिल्या बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा नवजात बालकांचा मृत्यू झाला, तेव्हाही सुरुवातीला हाच अंदाज व्यक्त झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला, तेव्हाही तेच. पण शॉर्टसर्किट कुठेही, कधीही होऊ शकते. ते झाल्यावर क्षणार्धात वीज तोडण्यासाठीच ब्रेकर बसवलेला असतो. त्यामुळे खरा प्रश्न ‘ब्रेकरने वीज का तोडली नाही’ हा आहे, आणि त्याचे उत्तर अनेकदा ब्रेकरवर छापलेल्या, कुणीच न वाचलेल्या एका आकड्यात असते. मालवण किनारपट्टीवर अपार्टमेंट वाढत असताना आणि रोहित्रे मोठी होत असताना हा आकडा समजून घेणे गरजेचे झाले आहे.

मालवणमध्ये हा विषय आताच का?

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांपूर्वीचे घर म्हणजे चार ट्यूबलाइट, दोन-तीन पंखे, एखादा फ्रिज आणि विहिरीवरचा पंप. आज मालवण शहर, चिवला, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात निवास-न्याहारीच्या खोल्या, छोटी हॉटेले आणि तीन-चार मजली अपार्टमेंट आहेत. खोलीला एसी नाही म्हटले की मे महिन्यात पर्यटक पुढे जातो. बाथरूमला गिझर, स्वयंपाकघरात इंडक्शन आणि आता पार्किंगमध्ये विजेवरची गाडी.

गणित सोपे आहे. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. सोळा फ्लॅटमध्ये प्रत्येकी दोन एसी धरले तर एकट्या एसींचाच भार ४८ किलोवॅट झाला. गिझर दोन किलोवॅटचा. गाडीचा ३२ अँपिअरचा घरगुती चार्जर सात किलोवॅटच्या पुढे जातो. पूर्वी अख्ख्या वाडीला पुरणारे १०० केव्हीएचे रोहित्र, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘डीपी’, अशा एका इमारतीलाही अपुरे पडू लागते. मग २०० किंवा ३१५ केव्हीएचे रोहित्र येते. मोठ्या संकुलात ते थेट आवारातच बसते.

व्होल्टेज सुधारते, लाइट सारखी जात नाही, सगळे खूश होतात. पण रोहित्र बदलले की इमारतीत उपलब्ध होणारा फॉल्ट करंटही बदलतो. मीटर रूममधले जुने मेन स्विच, फ्यूज आणि ब्रेकर मात्र तेच राहतात.

फॉल्ट करंट म्हणजे काय?

नळाला पाइप लावून तोटी थोडी उघडली तर धार बारीक येते. पाइपच मुळाशी फुटला तर टाकीत असेल नसेल तेवढे पाणी जोराने बाहेर पडते. विजेचेही तसेच आहे. नेहमीच्या वापरात पंखा, फ्रिज, एसी ही उपकरणे प्रवाहाला अटकाव करतात, म्हणून करंट मर्यादेत राहतो. फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटले की मध्ये अटकाव करणारे काही उरत नाही. त्या क्षणी रोहित्र आणि वायर यांच्या अंगच्या विरोधातून जेवढा करंट वाहू शकतो, तेवढा वाहतो. त्या ठिकाणचा हा जास्तीत जास्त करंट म्हणजे ‘उपलब्ध फॉल्ट करंट’. तो हजारो अँपिअरमध्ये, म्हणजे किलोअँपिअरमध्ये मोजतात.

फ्लॅटमध्ये एका वेळी १५-२० अँपिअर वापरले जात असतील, पण त्याच तारेत शॉर्टसर्किट झाल्यास काही मिलिसेकंदांसाठी दोन-तीन हजार अँपिअर वाहू शकतात. मीटर रूममध्ये सात-आठ हजार. रोहित्राच्या तोंडाशी त्याहूनही जास्त.

हा आकडा काढतात कसा?

त्यासाठी रोहित्रावरील पाटीवरचे दोन आकडे पुरतात : क्षमता (केव्हीए) आणि टक्केवारीतील अंतर्गत विरोध, म्हणजे इम्पीडन्स. आपल्याकडच्या ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या वितरण रोहित्रांचा इम्पीडन्स साधारण साडेचार टक्के असतो. पूर्ण भाराच्या करंटला या टक्केवारीने भागले की रोहित्राच्या तोंडाशी मिळणारा कमाल फॉल्ट करंट निघतो.

१०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा करंट सुमारे १३३ अँपिअर. त्याला ०.०४५ ने भागले की येतात जवळपास तीन हजार, म्हणजे ३ किलोअँपिअर. याच पद्धतीने २०० केव्हीएला सुमारे ५.९, ३१५ केव्हीएला सुमारे ९.३ आणि ६३० केव्हीएला सुमारे १८.७ किलोअँपिअर येतात.

हे आकडे कमाल आहेत. उपकेंद्रापासून ११ केव्हीची वाहिनी लांबवर आली असेल, तर प्रत्यक्षातला करंट थोडा कमी असतो. पण संरक्षण नेहमी कमाल आकडा धरूनच निवडायचे असते.

१०० केव्हीएच्या जागी ३१५ केव्हीए आले की फॉल्ट करंट तिपटीहून थोडा जास्त होतो. मात्र पॅनेलमधील तांब्या-अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना बसणारा यांत्रिक धक्का करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तो सुमारे दहापट होतो. जुन्या पॅनेलने आजवर एखादे शॉर्टसर्किट निभावले असेल, म्हणून रोहित्र बदलल्यानंतरचेही ते निभावेल असे गृहीत धरता येत नाही.

ब्रेकरवर नेमके काय लिहिलेले असते?

घरातील डीबीचे झाकण उघडून एमसीबीकडे नीट पाहा. त्यावर ‘सी ३२’ किंवा ‘सी १६’ असे काहीतरी असेल. हा पहिला आकडा : हा ब्रेकर किती अँपिअर सतत वाहू देईल. त्याच्याच खाली किंवा बाजूला एका छोट्या चौकटीत ‘६०००’ किंवा ‘१००००’ असा दुसरा आकडा असतो. ही त्याची तोडक्षमता. शॉर्टसर्किटचा जास्तीत जास्त किती अँपिअरचा प्रवाह हा ब्रेकर सुरक्षितपणे तोडू शकेल, हे तो सांगतो.

दुकानात जाऊन आपण ‘३२ चा एमसीबी द्या’ म्हणतो. दुसरा आकडा ना आपण विचारतो, ना दुकानदार सांगतो. घरगुती एमसीबीचे भारतीय मानक आयएस/आयईसी ६०८९८ आहे. इमारतीच्या मुख्य पॅनेलमधील मोठ्या एमसीसीबीचे मानक आयएस/आयईसी ६०९४७-२ हे वेगळे आहे. एमसीसीबी १६, २५, ३६, ५० किलोअँपिअर अशा वेगवेगळ्या तोडक्षमतेत मिळतात. दोन एमसीसीबी दिसायला सारखे, दोन्ही २०० अँपिअरचे, पण किंमत वेगळी, असे आढळले तर बरेचदा फरक या आकड्याचा असतो. खर्च वाचवताना कात्री लागते ती इथेच, कारण रोजच्या वापरात दोन्ही अगदी सारखेच चालतात. फरक कळतो तो फक्त शॉर्टसर्किटच्या क्षणी.

तोडक्षमता कमी पडली तर काय होते?

एमसीबीच्या आत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. भार हळूहळू जास्त झाला तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ब्रेकर पडतो. शॉर्टसर्किट झाले तर चुंबकीय कॉइल खटका ओढते आणि संपर्क मिलिसेकंदांत उघडतात. पण संपर्क उघडले म्हणजे करंट थांबला असे होत नाही. उघडणाऱ्या संपर्कांमध्ये ठिणगीचा पूल, म्हणजे आर्क, तयार होतो. आतल्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या कप्प्यात त्या आर्कचे तुकडे होतात, ती थंड होते आणि विझते. चांगला एमसीबी हे काम १० मिलिसेकंदांच्या आत संपवतो.

फॉल्ट करंट तोडक्षमतेपेक्षा जास्त असेल तर हा कप्पा आर्क विझवू शकत नाही. संपर्क वितळून एकमेकांना चिकटू शकतात. तसे झाले तर खटका खाली असूनही वीज चालूच राहते. किंवा आतल्या वायूच्या दाबाने ब्रेकरचे आवरण फुटते आणि वितळलेला धातू पॅनेलमध्ये उडतो. ज्या वस्तूने आग थांबवायची, तिथूनच आग सुरू होते. बहुतेक इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर जिन्याखाली किंवा जिन्याला लागून असते. त्यामुळे धूर पहिल्यांदा जिन्यात भरतो, म्हणजे खाली उतरण्याच्या वाटेवरच. बऱ्याच मीटर रूममध्ये जुने खोके, सायकली, रंगाचे डबेही ठेवलेले असतात.

जुन्या इमारतींतील किटकॅट फ्यूजची गोष्ट आणखी नाजूक. त्याची तोडक्षमता मुळातच कमी. त्यात वारंवार उडतो म्हणून जाड तार घातलेली असली, तर तो फ्यूज फक्त नावाला उरतो. याउलट एचआरसी फ्यूज दिसायला जुनाट वाटतो, पण ८० किलोअँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो. त्यामुळे ‘फ्यूज जुना, ब्रेकर नवा’ एवढ्यावरून कोणता सुरक्षित हे ठरत नाही.

सगळ्या घरांत महागडे ब्रेकर लावावे लागतील का?

नाही. कारण वायरची लांबी फॉल्ट करंट झपाट्याने कमी करते. उदाहरण घेऊ. आवारात ३१५ केव्हीएचे रोहित्र आहे. त्याच्या तोंडाशी ९.३ किलोअँपिअर. तिथून २४० चौरस मिमीची अॅल्युमिनियम केबल ५० मीटरवरच्या मीटर रूममध्ये येते. तिथे फॉल्ट करंट साधारण ७.८ किलोअँपिअर उरतो. त्या जागी ६,००० लिहिलेला एमसीबी अपुरा आहे, १०,००० चा हवा. मीटरपासून १० चौरस मिमीची तांब्याची वायर २० मीटर वर फ्लॅटमध्ये गेली की तिथल्या डीबीत जेमतेम अडीच किलोअँपिअर पोहोचतात. तिथे ६,००० चा एमसीबीही पुरेसा आहे.

म्हणजे धोका आहे तो मुख्य पॅनेल आणि मीटर रूममध्ये. नेमकी हीच जागा कुणाच्याच मालकीची नसते. फ्लॅटधारक आपल्या घरातील डीबी चकाचक करतो. सोसायटी लिफ्ट आणि रंगाचा विचार करते. मीटर रूमचे कुलूप वायरमन आला की उघडते.

रोहित्र ६३० केव्हीएचे असेल तर जवळच्या मीटर रूममध्ये १०,००० चा एमसीबीही एकटा पुरत नाही. तेव्हा त्याच्या आधी योग्य एमसीसीबी किंवा एचआरसी फ्यूज लावून दोघांनी मिळून प्रवाह तोडायचा, अशी ‘बॅकअप’ रचना करतात. पण ती कुठल्याही दोन कंपन्यांच्या जोडीने होत नाही. कोणत्या ब्रेकरमागे कोणता ब्रेकर चालतो, याचे तपासून केलेले तक्ते उत्पादक कंपनी देते. ते पाहूनच जोडी लावावी लागते.

फॉल्ट करंट कमी असेल तर चांगलेच, नाही का?

इथे गणित उलटे फिरते. किनाऱ्यावरच्या अनेक वाड्या रोहित्रापासून लांब आहेत. माडांच्या रांगेतून अर्धा किलोमीटर बारीक तारेची लाइन गेली आणि शेवटच्या घरात शॉर्टसर्किट झाले, तर जाण्या-येण्याच्या एक किलोमीटर तारेचा विरोध मध्ये येतो. तिथे फॉल्ट करंट कसाबसा सव्वादोनशे अँपिअर भरतो.

‘सी ३२’ एमसीबीची चुंबकीय यंत्रणा पाच ते दहापट करंटला, म्हणजे १६० ते ३२० अँपिअरच्या दरम्यान काम करते. सव्वादोनशेला तो लगेच पडेलच याची खात्री नाही. तो पट्टी तापण्याची वाट पाहत बसू शकतो आणि तेवढे सेकंद वायर भाजत राहते. ‘बी ३२’ तीन ते पाचपटीला, म्हणजे ९६ ते १६० च्या दरम्यान पडतो, म्हणून तो इथे योग्य. ‘बी’ आणि ‘सी’ या अक्षराचा अर्थ हा आहे.

जनरेटरवरही हीच अडचण. ६२.५ केव्हीएचा जनरेटर शॉर्टसर्किटच्या पहिल्या क्षणी काहीशे अँपिअर देतो आणि लगेच कमी होतो. छपरावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर तर आपल्या नेहमीच्या करंटपेक्षा किंचितच जास्त देतो. महावितरणच्या विजेवर झटक्यात पडणारा ब्रेकर जनरेटरवर मख्ख राहू शकतो. लाइट गेल्यावर हॉटेल जनरेटरवर चालवणाऱ्यांनी ही तपासणी वेगळी करून घ्यायला हवी.

मग अर्थिंग कशासाठी?

फेज आणि न्यूट्रल चिकटण्यापेक्षा गिझर, पंप किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरणे जास्त नेहमीचे. हा करंट अर्थिंगमधून जमिनीत जातो. मालवण परिसरात जांभा आणि कातळ. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा अर्थिंग चांगले वाटते. एप्रिल-मेमध्ये, नेमक्या हंगामात, ते कोरडे पडते.

अर्थिंगचा विरोध २० ओहम असेल तर २३० व्होल्टला फक्त साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्या करंटला कधीच पडणार नाही. गिझरचा पत्रा ‘लाइव्ह’ राहील आणि ब्रेकर सगळे ठीक आहे असे समजेल. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत एवढा जरी फरक पडला तरी तो वीज तोडतो. मात्र आरसीसीबी हा एमसीबीचा पर्याय नाही. जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तो वाचवत नाही. दोन्ही हवेत.

खाऱ्या हवेचा काय परिणाम?

समुद्राकाठी मिठाचा ओलसर थर सगळ्यावर बसतो. पॅनेलचे स्क्रू गंजतात, अॅल्युमिनियमची केबल आणि तांब्याची पट्टी यांच्या जोडावर पांढरी भुकटी दिसते, जोड सैल होतो आणि तापतो. सैल जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे हा प्रकार एमसीबीला दिसतच नाही. ‘शॉर्टसर्किट’च्या नावावर खपणाऱ्या आगींमध्ये अशा तापलेल्या जोडांचाही वाटा असतो. उपाय साधा आहे : पावसाळ्यापूर्वी आणि नंतर जोड आवळणे, अॅल्युमिनियमला योग्य लग वापरणे आणि भार असताना थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल पाहणे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब आणि तारा मोठ्या संख्येने कोसळल्या. अनेक गावे काही दिवस अंधारात होती. असे काही घडल्यावर तातडीने रोहित्र बदलले जाते, केबल नवी टाकली जाते. ते आवश्यकच असते. पण त्यानंतर इमारतीकडचे फॉल्ट करंटचे गणितही पुन्हा मांडायला हवे.

नियम काय सांगतात?

वीज कायदा २००३ च्या कलम ५३ नुसार सुरक्षिततेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण करते. २०१० च्या नियमांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली आहे. १५ मीटरपेक्षा उंच इमारतीत वीजपुरवठा सुरू होण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची तपासणी आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आणि वायरिंगचे आयएस ७३२ हे मानक प्रत्येक ठिकाणच्या फॉल्ट करंटनुसार तोडक्षमता निवडायला सांगते.

मेख अशी, की किनाऱ्यावरच्या तीन-चार मजली इमारती बहुधा १५ मीटरच्या आत बसतात. तिथे उंचीचा निकष लागू होत नाही. मग उरतो तो परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. त्यात इन्सुलेशन आणि अर्थिंगचे आकडे असतात. पण फॉल्ट करंट किती आणि ब्रेकरची तोडक्षमता किती, हे ग्राहक विचारत नाही तोवर बोलण्यात येत नाही. पुरवठ्याच्या बिंदूपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, त्यापुढची ग्राहकाची. रोहित्र कंपनी बदलते, परिणाम मात्र ग्राहकाच्या पॅनेलवर होतो.

सोसायटीने काय करावे?

पहिले, रोहित्रावरची पाटी पाहून क्षमता आणि इम्पीडन्स लिहून घ्यावा. पाटी वाचता येत नसेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावे. रोहित्राच्या कुंपणात स्वतः शिरू नये. दुसरे, परवानाधारक कंत्राटदाराकडून मुख्य पॅनेल, मीटर रूम आणि एका नमुना फ्लॅटचा फॉल्ट करंट लेखी काढून घ्यावा. वरच्यासारखे हे एका पानाचे गणित आहे. तिसरे, त्यासमोर तिथल्या प्रत्येक ब्रेकर-फ्यूजची तोडक्षमता लिहावी. जिथे ती कमी असेल तेवढेच बदलावे. चौथे, हा कागद मीटर रूमच्या दारामागे लावावा आणि रोहित्र किंवा मुख्य केबल बदलली की पुन्हा करावा. पाचवे, मीटर रूम रिकामी ठेवावी.

फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी बिल्डरला टाइल्स आणि नळांच्या ब्रँडबरोबर एक प्रश्न जादा विचारावा : मुख्य पॅनेलपाशी फॉल्ट करंट किती आहे आणि तिथला ब्रेकर किती किलोअँपिअरचा? उत्तर लेखी आले तर उत्तम. ‘चांगल्या कंपनीचा आहे’ एवढेच उत्तर आले, तर हिशेब झालेला नाही असे समजावे.

अपघात झाल्यावर वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार चौकशी होऊ शकते. त्या चौकशीतही कारण ‘शॉर्टसर्किट’ एवढ्यावर थांबू नये. त्या ठिकाणी फॉल्ट करंट किती होता, ब्रेकरची क्षमता किती होती आणि तो पडला की नाही, हे तीन मुद्दे नोंदले गेले तर पुढच्या इमारतीला त्याचा काही उपयोग होईल.